राणीची आमराई कुठे गेली?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गाने एकांकिका बसवायला घेतली. निमित्त होते अशोक विजयादशमीचे. विषय पोरांनीच निवडला: सम्राट अशोकाची राणी तिष्यरक्षिता. मोबाइलवर कुठेतरी गोष्ट वाचलेली. म्हाताऱ्या राजाची तरुण राणी सावत्र मुलगा कुणाल याच्या डोळ्यांवर भाळते. तो तिला आई म्हणून हात जोडतो. ती सूडाने त्याचे डोळे काढायला लावते. शिवाय मत्सरापोटी बोधिवृक्षावर करणी करते. प्रेम, वासना, सूड, रडारड, सगळे आयते. अर्ध्या तासाच्या एकांकिकेला आणखी काय लागते?

भूमिका वाटल्या. बोधिवृक्षावर मंत्र टाकणाऱ्या मातंगीचे काम एका मुलीला मिळाले. काळी साडी, मोकळे केस, कपाळभर कुंकू, असा वेशही ठरला. ही मुलगी पलीकडच्या गल्लीत राहते. तिच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी अण्णाभाऊंचा फोटो आहे. तिने हातातले पान खाली ठेवले आणि विचारले, "दादा, मातंगी म्हणजे आमच्यातलीच ना? मग झाड मारायला तिलाच का बोलवायचं?"

कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाला, "अगं, ग्रंथातच तसं आहे."

ती म्हणाली, "ग्रंथात आहे म्हणून मानायचं असतं, तर मनुस्मृती कशाला जाळली?"

तालीम तिथेच थांबली. मला तिला लगेच उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या दिवशी न देता आलेले उत्तर आहे.

दगडावरची राणी

आधी दगड काय सांगतो ते पाहू, कारण अशोकाच्या बाबतीत आपल्याकडे दगड आहे. पोथी नंतरची आहे.

प्रयागराजच्या किल्ल्यात अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. मूळचा तो कौशांबीचा असावा असे अभ्यासक मानतात, कारण त्यावरचा एक आदेश कौशांबीच्या महामात्रांना उद्देशून आहे. या एकाच खांबावर अशोकाचे सहा स्तंभलेख आहेत, संघात फूट पाडणाऱ्यांविरुद्धचा आदेश आहे, कित्येक शतकांनंतर कोरलेली समुद्रगुप्ताची प्रशस्ती आहे आणि पुढे जहांगिराचाही लेख आहे. ज्याला आपले नाव टिकवायचे होते त्याने हा खांब गाठला. या गर्दीत काही ओळींचा एक छोटा लेख आहे. अभ्यासक त्याला 'राणीचा लेख' म्हणतात.

त्यात देवानांप्रियाच्या आज्ञेने ठिकठिकाणच्या महामात्रांना कळवले आहे की दुसऱ्या राणीने इथे जे काही दान दिले असेल, आमराई असो, बाग असो, दानगृह असो की आणखी काही, ते त्या राणीच्याच नावे मोजावे. शेवटी तिची ओळख आहे: दुसरी राणी, तीवलाची आई, कालुवाकी. मागधी प्राकृतात 'र'चा 'ल' होतो, 'राजा'चा 'लाजा' होतो. म्हणून आपण तिला कारुवाकी म्हणतो.

अशोकाच्या आजवर सापडलेल्या सगळ्या लेखांत नावाने येणारी ही एकच राणी. तिचे रूप कसे होते ते तिथे नाही. तिचे कुळ नाही, गाव नाही, राजाचे तिच्यावर किती प्रेम होते ते नाही. तिथे हिशेब आहे. कुणी काय दिले आणि ते कुणाच्या नावे मांडायचे, एवढाच मुद्दा आहे.

हा मुद्दा लहान आहे का? सातव्या स्तंभलेखात अशोक सांगतो की आपल्या, आपल्या राण्यांच्या आणि मुलांच्या दानाचे वाटप पाहायला अधिकारी नेमले आहेत. म्हणजे राण्यांचे दान हा राज्यकारभाराचा भाग होता, त्याची नोंद व्हायची. त्यातही आपले दान राजाच्या किंवा राजवाड्याच्या खात्यात गडप होऊ नये म्हणून एका बाईचे नाव दगडावर चढले. काहींना यात राणीचा हट्ट दिसतो. हट्ट असेल तर असो! आपल्या कष्टाचे, आपल्या दानाचे, आपल्या नावाचे मोजमाप मागणाऱ्या बाईला हट्टी म्हणण्याची चाल काही आजची नाही.

आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा आठवा अध्याय ठेवा. तिथे बायको, मुलगा आणि दास या तिघांना स्वतःचे धन नाही. ते जे मिळवतील ते त्यांच्या मालकाचे. बाबासाहेबांच्या मांडणीत मनुस्मृती ही मौर्यांनंतर आलेल्या प्रतिक्रांतीची संहिता आहे. स्तंभ आधीचा, संहिता नंतरची. एक म्हणतो बाईने दिलेले बाईच्या नावे लिहा, दुसरी म्हणते बाईचे असे काही नसतेच. १९५१ साली हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे भांडण याच दुसऱ्या वाक्याशी होते.

मला कारुवाकीला आजची स्त्रीमुक्तीची नेता करायचे नाही. ती राणी होती. आमराईत आळी करून पाणी घालणाऱ्या बाईच्या नावे कुणी खांब कोरला नाही. आणि राणीचा आदेशही निघाला तो राजाच्याच नावाने. पण जेवढे आहे तेवढे खणखणीत आहे आणि ते आपल्याला माहीत असायला हवे होते. आपल्यापैकी किती जणांना ते माहीत होते?

पडद्यावरची राणी

कारुवाकी हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले ते २००१ साली आलेल्या 'अशोका' चित्रपटामुळे. दिग्दर्शक संतोष सिवन, अशोक शाहरुख खान आणि करीना कपूर 'कौरवकी'. तिथे ती कलिंगची राजकन्या आहे. तलवार चालवते, झऱ्याकाठी नाचते, 'पवन' नावाने फिरणाऱ्या अशोकाच्या प्रेमात पडते आणि पुढे युद्धात त्याच्याविरुद्ध उभी राहते. गाणी चांगली आहेत, नाकारत नाही. पण कलिंगशी तिचे नाते सांगणारे एक अक्षरही त्या स्तंभावर नाही. स्तंभावर जे आहे ते, म्हणजे आमराई, दानगृह आणि तीवल, चित्रपटात नाही. असलेले गेले आणि नसलेले आले.

कुणी म्हणेल, सिनेमाच तो, एवढे काय मनावर घ्यायचे? मनावर घ्यायचे कारण असे. कलिंगच्या युद्धानंतर अशोक का बदलला, हे त्याने स्वतः तेराव्या शिलालेखात सांगितले आहे. दीड लाख माणसे बंदी करून नेली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी पट मेली, आणि याचे दुःख त्याला झाले. विजय मिळवलेला राजा आपल्याच विजयाचा हिशेब मांडतो आणि त्याची लाज वाटते असे दगडावर कोरून ठेवतो. जगाच्या इतिहासात अशी दुसरी उदाहरणे शोधावी लागतात. प्रेमकथा काय करते? ती या लाखभर मेलेल्या माणसांना मागे सारते आणि पुढे एक प्रेयसी उभी करते. मग अशोकाचा पश्चात्ताप हा धम्माचा, विचाराचा, राज्यनीतीचा प्रश्न उरत नाही. तो विरहाचा प्रश्न होतो. राणीचीही चोरी होते आणि राजाचीही.

प्रेमकथाच हवी असेल तर विदिशेची देवी होती. सिंहली परंपरा सांगते की उज्जैनला कारभारी म्हणून जाताना तरुण अशोकाला विदिशेत एका व्यापाऱ्याची मुलगी भेटली. महिंद आणि संघमित्ता ही तिची मुले. अशोक पाटलिपुत्राला गेला, ती विदिशेतच राहिली. लंकेला जाण्यापूर्वी महिंद आईला भेटायला तिथे आला होता. आणि संघमित्तेने बोधिवृक्षाची फांदी समुद्रापार अनुराधपुरला नेली. व्यापाऱ्याची मुलगी, राजवाड्याबाहेर राहणारी, दोन्ही मुले धम्माला देणारी. यात कादंबरी नाही? पण जिच्या मुलीने बोधिवृक्ष दुसऱ्या देशात लावला ती चित्रपटात कोपऱ्यात, आणि जिने बोधिवृक्ष मारला अशी आवई आहे ती गोष्टीच्या मध्यभागी!

पोथीतली राणी

आता तिष्यरक्षितेकडे येऊ. इथे मात्र आपल्याला दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. तिची बदनामी ब्राह्मणी ग्रंथांनी केलेली नाही. ती आपल्याच बौद्ध ग्रंथांतून आली आहे.

कुणालाची गोष्ट 'अशोकावदान' या संस्कृत ग्रंथात आहे. आज आपल्यासमोर असलेले त्याचे रूप सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले मानतात, म्हणजे अशोकानंतर सुमारे चारशे वर्षांचे. त्यात अशोक आजारी पडतो. तिष्यरक्षिता त्याच आजाराच्या दुसऱ्या माणसाला मारून त्याचे पोट फाडते, आतला किडा कांद्याने मरतो हे शोधून काढते आणि राजाला कांदा खायला सांगते. राजा म्हणतो, मी क्षत्रिय, मी कांदा कसा खाऊ? शेवटी औषध म्हणून खातो, बरा होतो आणि तिला सात दिवसांचे राज्य देतो. त्या सात दिवसांत ती तक्षशिलेला आज्ञा पाठवून कुणालाचे डोळे काढवते. पुढे आंधळा कुणाल बायको कांचनमाला हिच्यासोबत वीणा वाजवत फिरतो, बाप त्याला ओळखतो आणि तिष्यरक्षितेला जिवंत जाळतो.

थोडे थांबून विचार करा. ज्या अशोकाने आपल्या एकाही लेखात स्वतःला क्षत्रिय म्हणवून घेतले नाही, तो कांद्यावरून जात आठवतो? ज्या अशोकाने चौथ्या स्तंभलेखात मृत्युदंड झालेल्यालाही तीन दिवसांची मुदत दिली, तो म्हातारपणी, धम्मात इतकी वर्षे घालवल्यावर, बायकोला जाळतो? हा स्तंभांवरचा अशोक नाही. हा कुण्या कथाकाराच्या डोक्यातला राजा आहे, आणि त्या डोक्यात कांदाही आहे, जातही आहे आणि बाईबद्दलची भीतीही आहे.

लंकेचा 'महावंस' साधारण पाचव्या शतकातला. त्यात ही राणी तिस्सरक्खा म्हणून येते. पट्टराणी असंधिमित्ता वारल्यावर चार वर्षांनी अशोक हिला राणी करतो, आणि राजाला माझ्याहून बोधिवृक्ष प्यारा म्हणून ती विषारी काट्याने झाड मारते. तिथे तिच्या नावावर कुणालाच्या डोळ्यांची गोष्ट नाही आणि मातंगीही नाही. अवदानात मात्र मातंगी आहे, दोरा आहे, मंत्र आहे आणि शेवटी झाड पुन्हा जगतेही. दोन ग्रंथ आणि दोन कथा. दोन्हींत समान एवढेच की राजाच्या धम्मश्रद्धेवर जळणारी एक बाई आहे.

सावत्र मुलावर भाळणाऱ्या राणीची गोष्ट तर जगभर फिरत आली आहे. ग्रीकांकडे ती फेड्रा आहे. पंजाबात पूरन भगताच्या कथेत ती लूणा आहे. नाव बदलते, गाव बदलते, साचा तोच: म्हातारा नवरा, तरुण बायको, पवित्र मुलगा, आणि दोष बाईचा. तरुण मुलगी म्हाताऱ्या राजाला कुणी दिली, हा प्रश्न साचा विचारत नाही. पंजाबी कवी शिवकुमार बटालवी यांनी तो विचारला. १९६५ साली त्यांनी 'लूणा' हे काव्यनाट्य लिहून ही गोष्ट लूणाच्या बाजूने मांडली. १९६७ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे साचा मोडता येतो.

तिष्यरक्षितेच्या बाबतीत मात्र साचा घट्ट झाला. बंगालचे हरप्रसाद शास्त्री यांनी या कथेवर 'कांचनमाला' ही कादंबरी लिहिली. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी बोधिवृक्षाकडे तिरक्या नजरेने पाहणारी अशोकाची राणी रंगवली. ते चित्र १९११ मध्ये इंग्लंडच्या राणीला भेट म्हणून गेले. पुढे हीच राणी नाटकांत आणि मालिकांत आली. तिच्या असण्याचा एकही समकालीन पुरावा नसताना ती सर्वांना माहीत आहे. जिचा पुरावा खांबावर आहे, तिची आमराई कुणालाच माहीत नाही.

झाड मारले कुणी आणि जगवले कुणी?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. मातंगीच का?

अवदान लिहिले गेले तेव्हा समाजात जात होती, आणि लिहिणारा, भिक्षू असला तरी, त्या समाजातूनच आला होता. वाईट काम करून घ्यायचे तर गावाबाहेरच्या बाईला बोलवायचे, हा त्याच्या कल्पनेचा ओळखीचा रस्ता. राणीच्या मनात पाप आणि मातंगीच्या हातात करणी. कथेत दोघीही बायका, पण एक राजवाड्यातली आणि एक वेशीबाहेरची. चेटकीण ठरवून मारल्या गेलेल्या बायका आजही कोणत्या वस्त्यांतल्या असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

ही अवदाने ज्या 'दिव्यावदान' संग्रहात आहेत, त्याच संग्रहात आणखी एक मातंग मुलगी आहे: प्रकृती. विहिरीवर आनंदला पाणी देणारी. आधी ती सांगते की मी मातंगाची मुलगी. आनंद म्हणतो की मी पाणी मागितले, जात विचारली नाही. तिथेही तिची आई मंत्र टाकतेच. साचा सुटत नाही. पण पुढे बुद्ध त्या मुलीला संघात घेतात आणि पोथीला जातीविरुद्ध लांबलचक वाद घालावा लागतो. रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' लिहिली ती याच कथेवर. एकाच पेटीत दोन मातंगी आहेत. आमच्या पोरांच्या हाती कोणती लागली? करणी करणारी. मोबाइलने तीच दिली होती.

आणखी एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो होतो. ती त्या मुलीनेच नंतर वाचून काढली. अवदानातच पुढे लिहिले आहे की राजा झाडाच्या दुःखाने मरायला टेकला, तेव्हा राणीने मातंगीला पुन्हा बोलावले. मातंगीने दोरा सोडला, मुळाभोवती खणले आणि हजार घडे दूध घातले. झाड जगले. म्हणजे त्या कथाकाराच्याही म्हणण्याप्रमाणे बोधिवृक्ष वाचवणारे हात मातंगीचे! मारणारी मातंगी सर्वांना आठवते, जगवणारी कुणालाच नाही.

बाबासाहेबांची चाळणी

"ग्रंथात आहे" या उत्तराचे काय करायचे, हे बाबासाहेबांनी करून दाखवले आहे.

१९५० साली एका इंग्रजी साप्ताहिकात आरोप झाला की भारतीय स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्याला सविस्तर उत्तर दिले. महापरिनिब्बाण सुत्तात आनंद विचारतो की स्त्रियांशी कसे वागावे, आणि बुद्ध त्यांच्याकडे पाहूच नका अशा अर्थाचे सांगतात, हा उतारा आरोपाच्या मुळाशी होता. बाबासाहेबांनी बौद्ध ग्रंथ आहे म्हणून तो उतारा डोक्यावर घेतला नाही, की अडचणीचा आहे म्हणून लपवला नाही. हे ग्रंथ कित्येक शतके तोंडी चालत आले, लिहिणारे आणि संपादणारे भिक्षू होते, ब्रह्मचर्य सांभाळण्याची त्यांना काळजी होती, आणि बुद्धांच्या इतर आचरणाशी हा उतारा जुळत नाही. म्हणून तो मागाहून घुसवलेला, असा त्यांचा निष्कर्ष. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीही त्यांनी हेच केले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही परंपरेची लाडकी गोष्ट त्यांनी बुद्धीला पटत नाही म्हणून बाजूला ठेवली.

बाबासाहेबांनी तिष्यरक्षितेवर निकाल दिला असे मी म्हणत नाही. मी चाळणीबद्दल बोलतो आहे. लिहिले कुणी? कधी? लिहिणाऱ्याला कशाची भीती होती? त्याच काळच्या दुसऱ्या पुराव्याशी जुळते का? हे चार प्रश्न तिष्यरक्षितेच्या कथेला विचारा आणि काय उरते ते पाहा.

चाळणी म्हणजे पोथी फेकून देणे नव्हे. याच अशोकावदानात एक सोन्यासारखी गोष्ट आहे. अशोक सर्व जातींच्या भिक्षूंच्या पाया पडतो हे मंत्री यशाला रुचत नाही. अशोक त्याला जनावरांची डोकी आणि एक माणसाचे डोके बाजारात विकायला लावतो. जनावरांची डोकी खपतात, माणसाचे कुणी फुकटही घेत नाही. मग माझे डोके वाकले तर बिघडले काय, असे राजा विचारतो. मात्र याच प्रसंगात राजा म्हणतो की जात लग्नकार्याच्या वेळी पाहायची, धर्माच्या वेळी नाही. म्हणजे लग्नातली जात शिल्लकच! 'जातिसंहारा'त बाबासाहेबांनी बोट ठेवले ते नेमके त्याच जागी. चांगल्या गोष्टीतही खडा असतो, तो वेचावा लागतो.

अर्धी पोथी घेता येत नाही

हे सगळे आत्ता का सांगायचे? कारण ही पोथी आपल्याविरुद्ध वापरली जाते.

'सम्राट अशोक' या हिंदी नाटकाला २०२१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२२ च्या जानेवारीत त्याचे लेखक दयाप्रकाश सिन्हा यांनी एका मुलाखतीत अशोकाची तुलना औरंगजेबाशी केली आणि बिहारात गदारोळ झाला. अशोकाला क्रूर, कामी, ढोंगी ठरवणारी मांडणी हल्ली समाजमाध्यमांवर रोज दिसते. तिचा मुख्य साक्षीदार कोण? हेच अशोकावदान. त्यात अशोक पुंड्रवर्धनच्या अठरा हजार आजीवकांना मारतो. त्यात तो अंतःपुरातल्या पाचशे स्त्रियांना जाळतो.

आपण काय उत्तर देतो? आपण बराबरच्या लेण्यांकडे बोट दाखवतो. बिहारात गयेजवळच्या त्या डोंगरात अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीवकांना लेणी दिली, तसे तिथे कोरलेले आहे. सत्ताविसाव्या वर्षीच्या सातव्या स्तंभलेखातही संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ या सर्वांची काळजी घेणारे महामात्र आहेत. दगड खरा, पोथी अतिशयोक्त, हे आपले उत्तर. बरोबरच आहे.

पण मग रात्री आपणच त्याच पोथीतली कामांध राणी रंगमंचावर नाचवणार असू, तर सकाळी त्या पोथीला खोटी कोणत्या तोंडाने म्हणणार? राजाच्या बाबतीत पोथी खोटी आणि राणीच्या बाबतीत खरी, असे चालत नाही. आपल्या राजासाठी जी चाळणी लावली तीच आपल्या राणीसाठी आणि त्या मातंगीसाठी लावावी लागेल. नाहीतर आपली चिकित्सा ही चिकित्सा नसून नुसता पक्ष आहे.

बौद्ध सत्ताधारी स्त्रीचे असे भारताबाहेरही झाले आहे. चीनमध्ये ६९० ते ७०५ या काळात वू झेतियन हिने स्वतःच्या नावाने सम्राटपद चालवले. चीनच्या इतिहासात तसे करणारी ती एकटीच. लोंगमेनच्या लेण्यांतल्या प्रचंड वैरोचन बुद्धमूर्तीसाठी तिने ६७२ साली आपल्या साजशृंगाराच्या पैशातून वीस हजार माळा नाणी दिली, असा लेख तिथेच कोरलेला आहे. पण कादंबऱ्यांनी आणि मालिकांनी जगाला काय सांगितले? तिचे प्रियकर किती होते आणि तिने कुणाकुणाला विष दिले. प्रयागला आमराई, लोंगमेनला बुद्धमूर्ती, आणि गोष्टीत फक्त अंतःपुर.

मग कादंबरी लिहायचीच नाही?

लिहायची. जोरात लिहायची. कल्पना हा आपलाही हक्क आहे. ज्यांचे लेख कोरले गेले नाहीत त्यांच्यापर्यंत जायला कल्पनेशिवाय रस्ताच नाही. राणीने प्रेम करू नये, तिला राग येऊ नये, मत्सर होऊ नये, असेही माझे म्हणणे नाही. पांढऱ्या साडीतली, हात जोडलेली, चूक न करणारी बौद्ध राणी ही दुसरी खोटी बाहुली होईल. माझे म्हणणे एवढेच की कल्पना दगडापासून सुरू करा. जे कोरले आहे ते पुसून तिथे नाच घालू नका. आणि कुठे दगड संपतो आणि कुठे तुमची गोष्ट सुरू होते, हे प्रेक्षकाला सांगा.

सामग्री आपल्या दारात आहे. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सोपाऱ्याला सापडले. कार्ले, कान्हेरी, जुन्नर, कुडा, नाशिक इथल्या लेण्यांत स्त्रियांची आणि भिक्षुणींची दाने कोरलेली आहेत. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री ही राजमाता भिक्षूंना लेणे देते, आणि त्याच लेखात तिच्या मुलाने चार वर्णांचा संकर थांबवला म्हणून त्याचे कौतुकही आहे. बौद्धांना लेणे आणि वर्णाला संरक्षण, दोन्ही एकाच भिंतीवर. यावर एकांकिका लिहा. सहलीला जाल तेव्हा सेल्फी काढून झाल्यावर त्या ओळींसमोर पाच मिनिटे उभे राहा.

आमची एकांकिका त्या विजयादशमीला झाली नाही. पोरांनी ती पुन्हा लिहायला घेतली. आता पहिल्या प्रवेशात डोळे काढायची आज्ञा नाही. एक लेखनिक दानांची यादी करतो आहे आणि आमराई राजाच्या नावे मांडतो आहे. राणी त्याला थांबवते. तेवढ्यात आमराईला पाणी घालणारी बाई विचारते, "तुमचं नाव लागलं बाईसाहेब, माझं?" राणीकडे उत्तर नाही. नाटकाकडेही अजून नाही. तिथे पोरे अडली आहेत आणि अडू देत. हे वाक्य दगडावर नाही, ते आमचे आहे, हे सुरुवातीलाच निवेदक सांगणार आहे.

मातंगी मात्र ठेवायची असे ठरले. ती मुलगीच म्हणाली, "मीच करते. पण मी झाड मारायला येणार नाही. घडे घेऊन येईन."

जय भीम!